एका सुरीने दोन नमदे

बुरुलला सिनेमातलं काय कळतं, हा प्रश्न फ्रुंझे शहरातल्या सिनेमाच्या स्टुडिओत पंधरा वर्षांत किती जणांनी विचारला त्याला गणती नाही. विचारणाऱ्यांत मॉस्कोहून शिकून आलेले होते, उकाड्यातही गळ्याशी टाय आवळून फिरणारे होते, आणि फिल्मची पट्टी जन्मात हातात न धरलेले तर ढिगाने होते. बुरुल उत्तर द्यायच्या फंदात पडायची नाही. ती पांढरे सुती हातमोजे चढवायची, दोन पट्ट्यांची टोकं पात्याने खरवडायची, कुंचल्याने उग्र वासाचा डिंक लावायची, वरून दाबून धरायची आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायची. दहा झाले की जोड पक्का. मधेच सोडला तर जोड सुटतोच, वर दोन्ही बाजूंची एकेक फ्रेम हकनाक जाते. त्यामुळे तिच्या टेबलाशी येऊन कुणी काही विचारलं तर आधी दहा आकडे पुरे व्हायचे, मगच तिची मान वर व्हायची. मोठमोठ्या साहेबांना ते दहा आकडे ताटकळावं लागायचं आणि त्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

कागदोपत्री ती नुसती 'जोडणारी'. वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत अशा अकरा बायका, अकरा टेबलं, आणि प्रत्येकीच्या बाजूला कापडी पिशवीत लोंबणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या. दिग्दर्शक मागे खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, इथे काप. बाकीच्या दहाजणी कापायच्या. बुरुल म्हणायची, दोन फ्रेम आधी. कुणी तिच्यावर खेकसायचं, कुणी ऐकायचं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या चित्रपटांचं नाव झालं, आणि पुढे व्याख्यानं झोडताना त्यांना त्या दोन फ्रेमांची आठवण काही राहिली नाही. बुरुलनेही कधी आठवण करून दिली नाही.

तिच्या नावाचीही एक गंमत होती. ती अत-बाशीच्या डोंगरातल्या एका घरातली पाचवी मुलगी. आधीच्या चार मुलींनी बापाचा धीर सुटला होता, म्हणून पाचवीचं नाव ठेवलं बुरुल, म्हणजे 'वळ'. आता तरी नशीब वळेल आणि मुलगा होईल अशी आशा. नशीब काही वळलं नाही, सहावं मूलच झालं नाही. आणि पोरगी अशी निघाली की तिला कुणी वळ म्हटलं की ती हटकून सरळ जाणार. आई म्हणायची, चूक आमचीच, नाव ठेवताना तिला विचारलं नव्हतं.

ही आई, कालिपा, शिर्दाक कापण्यात पटाईत होती. शिर्दाक म्हणजे नमद्याचा गालिचा. लोकर मळून-मळून केलेले दोन जाड नमदे घ्यायचे, एक लाल, एक काळा. एकावर एक ठेवायचे, वर खडूने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायची आणि सुरीने दोन्ही एकदमच कापायचे. मग लालातला तुकडा काळ्याच्या भोकात बसवायचा, काळ्यातला लालाच्या. एका सुरीत दोन गालिचे, आणि चिंधीभरही वाया नाही. नियम एकच होता. काप सुरू केला की नक्षी पुरी होईस्तोवर सुरी उचलायची नाही. हात थबकला की धार सरकते आणि दोन्ही नमदे एकदम बाद होतात.

त्रेचाळीस सालच्या शरदात बुरुल दहा वर्षांची होती. आई कापत होती, आणि नमदा सरकू नये म्हणून बुरुल त्याची कड गुडघ्यांखाली दाबून बसली होती. दारावरचा पडदा अर्धा गुंडाळलेला होता. त्या फटीतून आधी दिसले ते बूट. आठ बूट, म्हणजे चार माणसं. गावातले चार म्हातारे एका ओळीत पायी येत होते. अत-बाशीत दाराशी घोडा असताना पायी कोण चालतं? मरणाची खबर घेऊन जाणारेच चालतात. आणि ती खबर तोंडाने सांगायची नसते. जाऊन बसायचं, चहाची वाटी हातात घ्यायची, वरच्या खिंडीतला झरा आटला असं काहीतरी बोलायचं, बाकीचं घरच्या माणसाने समजून घ्यायचं. बुरुलचा बाप तेव्हा दोन वर्षं लढाईवर होता.

कालिपाने बूट पाहिले. सुरी नेमकी शिंगाच्या वळणावर होती. तिने ती उचलली नाही. पावलं जवळ येत गेली, सुरी पुढे जात राहिली. म्हातारे आत आले, बसले, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने घसा खाकरला, तेवढ्यात काप पुरा झाला. तिने कापलेले दोन्ही तुकडे उचलून बाजूला ठेवले. नमद्याच्या मधोमध भोक राहिलं, आणि त्यातून खालची माती दिसत होती. "बोलू नका," ती म्हणाली, "कळलं." मग सुरी ठेवून तिने बायका करतात तसं तोंड भिंतीकडे केलं आणि नवऱ्याच्या नावाने विलाप गायला लागली. बुरुलने अजून कड सोडली नव्हती. तिचे गुडघे बधिर झाले होते.

सदुसष्ट साली सागिन नावाच्या तिशीतल्या दिग्दर्शकाने त्या लढाईच्या काळातल्या गावावर चित्रपट काढला. त्याचा पहिलाच. गरीब स्वभावाचा, हुशार, पण वरच्या माणसाने डोळे वटारले की पाय लटपटणारा. बुरुलला तो एजे म्हणायचा, म्हणजे ताई. त्याच्या चित्रपटातही नमदा कापणारी एक बाई होती आणि खबर घेऊन येणारे म्हातारे होते. नटीच्या हातात सुरी दिली तर ती भाजी चिरल्यासारखी कापायला लागली. तेव्हा बुरुलने आईला अत-बाशीहून बसने आणवलं. नटीचा चेहरा आणि कालिपाचे हात, असं ते काम झालं. कालिपाची तक्रार एकच, की दिव्यांनी हात भाजून निघाले आणि चहा मात्र कोमट होता.

सागिनने प्रसंग सरळच घेतला होता. बाई कापते, म्हातारे येतात, चहा होतो, मग म्हातारा खिशातून सरकारी कागद काढतो, वाचतो, बाई किंकाळी फोडते. बुरुलने तीन दिवस त्या पट्ट्या लावल्या आणि काढल्या. प्रत्येक वेळी खोटं दिसायचं. चौथ्या दिवशी तिने सागिनला सांगितलं, घरी जा, बायकोला बाजारात ने, इथे तुझं काम नाही. आणि मग ती आई नमदा कापायला बसायची तशी बसली.

तिने सुरीची पट्टी आणि पावलांची पट्टी एकावर एक धरून एकाच मापाने कापली. सहा तुकडे सुरीचे, सहा पावलांचे. एक सुरीचा, एक पावलांचा, पुन्हा सुरीचा. पहिले दोन तुकडे चांगले लांब, पुढचे आखूड, त्यापुढचे त्याहून आखूड, पण जोडीतले दोघे एकमेकांशी फ्रेमला फ्रेम सारखे. मग तिने आवाजांची अदलाबदल केली. सुरी दिसते तेव्हा वाळूवर पडणारी पावलं ऐकू येतात, म्हातारे दिसतात तेव्हा नमद्यातून जाणाऱ्या सुरीची करकर. शेवटी म्हातारा तोंड उघडतो, आणि त्याच्या तोंडून शब्द येण्याआधी पडद्यावर नुसतं नमद्यातलं भोक. तीन सेकंद आवाज पूर्ण बंद. कागद नाही, किंकाळी नाही.

सागिनने ते लागोपाठ तीनदा पाहिलं. चौथ्यांदा लावायला गेली तर तो नको म्हणाला.

"एजे, हे कुठे शिकलात?"

"गुडघ्याखाली कड दाबून."

हे कळेल न कळेल ते ठरवायचं काम स्टुडिओत ओसमोनकुल यांच्याकडे होतं. पटकथा-मंजुरी विभागाचे प्रमुख, पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर शहरी हॅट. मूळचे तेही अत-बाशीचेच, पण आठव्या वर्षी शहराच्या वसतिगृहात आलेले, ते गावाकडे परत गेले ते भाषण द्यायलाच. बुरुल त्यांना आबा म्हणायची, कारण आपल्याकडच्या वडील माणसाला तसं म्हणतात, आणि ते तिला पोरी म्हणायचे. त्यांनी चित्रपट पाहिला, दिवे लागले, आणि सगळ्यांसमोर ते म्हणाले की लोकांना कळणार नाही. प्रसंग सरळ लावा. कागद पडद्यावर मोठा करून दाखवा, म्हाताऱ्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत, बाई रडली पाहिजे. वर्ष संपायला अकरा दिवस आहेत, त्याआधी चित्रपट वरच्या कचेरीत गेला पाहिजे, नाहीतर स्टुडिओची वर्षाची योजना अपुरी राहील.

सागिनने लगेच वही काढून लिहून घेतलं. बुरुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर जोडणाऱ्या बाईने त्या खोलीत तोंड उघडायचंच नसतं. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, तिथून चालत पुढे आली.

"आबा, कुठल्या लोकांना कळणार नाही?"

"साध्या लोकांना, पोरी. त्यांच्यासाठीच आपण आहोत ना?"

"मग विचारू त्यांनाच. नमदे करणाऱ्या बायकांना दाखवू. एकीने जरी विचारलं की काय झालं, तर मी माझ्या हाताने सरळ जोडून देते. नाही विचारलं, तर पट्टीला हात लावायचा नाही."

इतक्या लोकांदेखत 'लोकांना विचारू' या बोलण्याला नाही म्हणणं ओसमोनकुलना जड गेलं. दिवसातून चारदा तेच शब्द त्यांच्या तोंडी असायचे. ते बरं म्हणाले.

तीन दिवसांनी बर्फातून गाडी निघाली. शहराबाहेर तासाभरावर नमद्यांचा कारखाना होता, त्याच्या सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावून भर दुपारी खेळ लावला. चाळीसेक बायका कामावरून उठून आल्या, अंगावर लोकरीचे धागे, कुणाच्या मांडीवर मूल, कुणी बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, पुरचुंडी सोडून खात बसलेल्या. पहिला अर्धा तास त्या मजेत होत्या. नटीच्या डोक्यावरच्या रुमालाला त्यांनी नावं ठेवली, मेंढपाळ झालेल्या नटाला घोड्यावर बसता येत नाही हे मोठ्याने एकमेकींना सांगितलं. मग सुरी आली, आणि त्यांनी ओळखीचं काम पाहून माना पुढे केल्या. हे हात खरे आहेत, असं एक म्हणाली.

दुसऱ्या तुकड्याला पावलं दिसली. खाणं थांबलं. तुकडे आखूड होत गेले. बुरुल पडद्याकडे पाहतच नव्हती, ती बायकांकडे पाहत होती. पडद्यावर भोक आलं, आणि पहिल्या रांगेतली एक बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग मागच्या. चाळीसपैकी तीस-बत्तीस बायका तशा उभ्या राहिल्या, लढाई पाहिलेल्या सगळ्या. चित्रपट पुढे चाललाच होता, पण पुढची दोन-तीन मिनिटं तो पाहायला कुणी नव्हतं. बुरुलला वाटलं की आपण जिंकलो.

दिवे लागले. ओसमोनकुल हॅट हातात घेऊन पुढे गेले.

"भगिनींनो, ते म्हातारे कशाला आले होते? काय झालं त्या घरात?"

कुणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बायका आपापल्या रुमालाची गाठ बघत बसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी एकेकीकडे बोट करून विचारलं, तर त्या बोट केलं की मान खाली घालायच्या. शेवटी ते बुरुलकडे वळून म्हणाले की बघ, एकीलाही सांगता येत नाही.

तेव्हा सगळ्यांत म्हातारी उठली. तिने आपली पिशवी खांद्याला लावली आणि ओसमोनकुलसमोर येऊन उभी राहिली. "बाळा, कुठल्या घरचा तू?" ती म्हणाली. "असलं तोंडाने वदवून घेतात होय?" आणि उत्तराची वाट न पाहता ती कामावर निघून गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या.

ओसमोनकुलचे कान लाल झाले होते. परतताना गाडीत ते मांडीवर कागद ठेवून लिहीत होते. बुरुल त्यांच्या मागेच बसली होती आणि तिने मान उंच करून सरळ वाचलं. चाळीस प्रेक्षकांना प्रसंगाचा अर्थ विचारला, एकालाही सांगता आला नाही, सबब दुरुस्ती करावी, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तिला वाटलं तो कागद हिसकावून बर्फात भिरकावून द्यावा. पण कागद काय, दुसरा लिहिला असता. फिल्म दुसरी लिहिता येत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं, आणि बाकीचा रस्ता ती तेच धरून बसली.

स्टुडिओत निगेटिव्ह कापायचं काम न्यूरा मावशी करायची. लढाईच्या काळात लेनिनग्राडहून आलेली म्हातारी रशियन बाई, तिनेच बुरुलला हातमोजे घालायला शिकवलं होतं. बुरुल टेबलावर जी कापायची ती नुसती छापलेली प्रत. चुकली तर पुन्हा छापून मिळते. निगेटिव्ह मात्र एकच असते. मंजूर झालेल्या प्रतीबरहुकूम ती कापली की खेळ संपला, कारण प्रत्येक जोड दोन्हीकडची एकेक फ्रेम खातो. परत सरळ लावायची म्हटली तर माणसं पडद्यावर लंगड्या कोंबड्यांसारखी उड्या मारत चालतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बुरुल न्यूरा मावशीच्या खोलीत हजर झाली. हातात तिची प्रत होती.

"मंजुरीचा कागद?" मावशीने विचारलं.

"कागद येतोय दुपारी. म्हणून तर सकाळी आले."

न्यूरा मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिच्याही घरी एकाच महिन्यात दोन भावांचे कागद आले होते, हे बुरुलला ठाऊक होतं आणि तिने तो विषय काढला नाही. मावशीने दाराला कडी लावली, निगेटिव्हचा डबा उघडला आणि कात्री साफ करायला घेतली. सहा सुरीचे, सहा पावलांचे. बुरुल टोकं धरत होती, मावशी कापत होती. अकरापर्यंत त्या रिळाचं कापणं पुरं झालं, जोडणं तेवढं राहिलं.

बाराच्या सुमारास ओसमोनकुल स्वतः हुकूम घेऊन आले, मागे सागिन. बुरुल शेवटचा जोड दाबून उभी होती. ते बोलायला लागले. तिने मान वर केली नाही. दहा झाले, मग ती वळली.

"कापली, आबा."

"काय कापलंस?"

"निगेटिव्ह. माझ्या प्रतीसारखी."

सागिन मटकन स्टुलावर बसला. ओसमोनकुल म्हणाले की निदान कागदाचा तो तुकडा तरी घुसवा, शब्द तरी घाला. बुरुलने सांगितलं, घाला की, कोण अडवतंय. पण एक तुकडा घुसवला की पुढच्या सगळ्या रिळाचा आवाज सरकतो, तो नव्याने बसवायला तीन आठवडे लागतात. वर्ष संपायला सात दिवस आहेत.

"मुद्दाम केलंस हे."

"हो. मुद्दाम केलं. लपवाछपवी नाही. मावशीला मंजुरी आल्याचं खोटं सांगितलं ते मीच, तिचा संबंध नाही."

न्यूरा मावशीने तोंड उघडलं, तर बुरुलने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला, आणि चांगला दाबून दिला. ओसमोनकुलनी ते पाहिलं की नाही देव जाणे. ते म्हणाले, "पोरी, याची किंमत द्यावी लागेल."

"मान्य. पण ती मला मागा. पट्टीला मागू नका."

चित्रपट वर्षाच्या शेवटच्या दिवशी वर गेला. त्याला सगळ्यांत खालचा दर्जा मिळाला. शहरांत लावायचा नाही, मोजक्या प्रती काढायच्या आणि डोंगरातल्या फिरत्या खेळांना द्यायच्या, एवढंच. श्रेयनामावलीच्या शेवटी सागिनने हिंमत करून बुरुलचं नाव घातलं होतं, तेवढी पट्टी काढून टाकली. आणि बुरुलची बदली झाली प्रती दुरुस्त करायच्या गोदामात. म्हणजे फाटक्या, तेलकट, कडेची भोकं तुटलेल्या फिल्मा सांधत बसायचं, नव्याला हात लावायचा नाही. सागिन रडवेल्या तोंडाने निरोप द्यायला आला, तर तिने त्यालाच धीर दिला आणि पुढच्या वेळी कणा घेऊन ये असंही सुनावलं.

गोदाम तळघरात होतं. एकच लांबट खिडकी, ती फुटपाथच्या पातळीला, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. बुरुलने तिथे सात वर्षं काढली. खेळवाले प्रत परत आणायचे तेव्हा सोबत एक वही यायची, त्यात गावागावांतल्या प्रेक्षकांच्या तक्रारी आणि प्रश्न लिहिलेले असायचे. सागिनच्या चित्रपटाची वही ती पहिल्या पानापासून वाचायची. पडदा लहान होता, यंत्र बंद पडलं, घोड्यावर बसणारा नट आमच्याकडे पाठवा, आम्ही शिकवू. सात वर्षांत कुठल्याही गावाने 'काय झालं' असं लिहिलं नाही. कालिपानेही तो अत-बाशीला पाहिला. तिचं म्हणणं, हात माझेच आहेत, पण फार काळे दिसतात, धुऊन यायला सांगायचं होतंस. मात्र त्या गावात तो चारदा लागला आणि ती चारही वेळा पहिल्या रांगेत होती.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरातली दुपार होती. बुरुल कसल्याशा विनोदी चित्रपटाची तुटलेली पट्टी सांधत होती. डिंक लावला, टोकं जुळवली, दाबलं आणि मोजायला लागली. तिसऱ्या आकड्याला खिडकीत बूट आले. आठ बूट, एका ओळीत, सावकाश. त्या रस्त्यावर सगळे ट्रॉलीबसच्या मागे धावणारे, तिथे असं कुणी चालत नसे. बूट दारापाशी थांबले.

चार. पाच. तिने दुसरा हातही पट्टीवर दाबला. जिन्यावर पावलं वाजत होती. सात. दार उघडलं. शहरात राहणारे अत-बाशीचे चार म्हातारे आत आले, आणि सगळ्यांत पुढे ओसमोनकुल. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शहरातल्या अत-बाशीकरांत आता तेच वडील, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं होतं. हॅट नव्हती, डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी होती. नऊ. दहा. जोड पक्का झाला.

तिने त्यांना फिल्मच्या डब्यांवर बसवलं आणि थर्मासमधला चहा वाट्यांत ओतून दिला. ओसमोनकुलनी घसा खाकरला. वरच्या खिंडीतला झरा, असं त्यांनी सुरू केलं.

"बोलू नका, आबा," बुरुल म्हणाली. "कळलं." मग तिला राहवलं नाही. "कागद आणलाय का? मोठा करून दाखवायला?"

बाकीचे तिघे काही न कळून एकमेकांकडे पाहू लागले. ओसमोनकुलनी चहाची वाटी खाली ठेवली.

"त्या दिवशी कारखान्यात अंधारात मीही भिंतीकडे वळलो होतो, पोरी. माझा थोरला भाऊ गेला लढाईत."

"मग तसं लिहिलं का नाहीत?"

तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले, भिंतीकडे तोंड केलं आणि आईच्या नावाने विलाप गायला लागली. पहिली ओळ तिने आईच्या हातांवर गायली. चारही म्हातारे माना खाली घालून ऐकत बसले, चहा तसाच थंड झाला. सागिनच्या चित्रपटाची एक प्रत तिने सोमवारीच सांधून डोंगरात नारिनकडे जाणाऱ्या गाडीत चढवली होती. त्याच संध्याकाळी वर कुठल्या तरी गावात कालिपाचे हात पडद्यावर काप पुरा करत होते, आणि काय झालं असं कुणी विचारत नव्हतं.